उशिरा आलेल्यांची बैठक

लातूर जिल्ह्यात शिकण्याला वय असतं. दहावी, बारावी, नीट, आणि त्यापुढं फार तर स्पर्धा परीक्षा. 'लातूर पॅटर्न'नं या जिल्ह्याला राज्यभर नाव मिळवून दिलं. जळकोट, उदगीर, अहमदपूर, शेजारच्या नांदेड जिल्ह्यातले मुखेड, कंधार, अशा तालुक्यांतली पोरं लातूरला खोली करून राहतात, पहाटे उठून अभ्यासाला बसतात आणि आईबापांना शेतातून बाहेर काढण्याचं स्वप्न घेऊन परीक्षा देतात. या मेहनतीबद्दल मनात आदरच आहे. पण त्या यशाबरोबर एक समजही घट्ट होत गेला. शिकायचं ते पंचविशीच्या आत, आणि शिकायचं ते परीक्षेपुरतं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं गिटार मांडीवर घेतली तर शेजारी ओट्यावरून विचारणार, "आता या वयात हे काय शिकूलालाव?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मोठ्या माणसाचं शिकणं कुठं बसवायचं, हे त्याला कळत नाही एवढंच.

मला मात्र वाटतं की ती जागा या मुलखात आधीपासून आहे, आणि ती शेकडो वर्षांची आहे.

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर, बालाघाटच्या चढउतारांत जळकोट वसलं आहे. या भागातल्या कुठल्याही गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की सात दिवसांचा क्रम ठरलेला असतो. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचं पारायण आणि गाथ्यावरचं भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर आणि शेवटच्या दिवशी काला. या सात दिवसांत वीणा खाली ठेवायची नाही. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहाऱ्याची यादी आधीच लागते आणि ठरल्या वेळी माणूस बदलतो. रात्री दोनच्या पहाऱ्याला उभा राहणारा माणूस संगीत शिकलेला असतोच असं नाही. तो दिवसभर तुरीला पाणी देऊन आलेला असतो, किंवा तहसीलमधून नाही तर दुकानातून आलेला असतो. पण वीणा गळ्यात आली की तिची तार त्यालाच छेडायची असते. ती तार दाबावी लागत नाही, सुरात लावलेली असते. माणसानं फक्त लय सोडायची नाही आणि झोपायचं नाही. चाळिशीत, पन्नाशीत, साठीत कितीतरी माणसांचा वाद्याशी पहिला संबंध असा येतो. तू आजवर कुठं होतास, असं त्याला कुणी विचारत नाही.

एका पिढीचं राहून गेलेलं

आज साठी-सत्तरीत असलेल्या मराठवाड्यातल्या माणसांना तरुणपणी वाद्य का शिकता आलं नाही, याची कारणं त्यांच्या आवडीनिवडीत शोधून सापडणार नाहीत. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. मराठी शाळा गावोगाव पोचायला पुढं बरीच वर्षं लागली आणि पोचली तेव्हा ती एका शिक्षकाची, एका खोलीची होती. त्या शाळेत पेटी कुठून असणार? मग १९७२ चा दुष्काळ आला. ज्या वयात बोटं लवचीक असतात, त्या वयात या पिढीच्या हातात खडी फोडायचा हातोडा आला. सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढलेली ही माणसं. पुढं पोरांची शिक्षणं, पोरींची लग्नं, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं अख्ख्या जिल्ह्याच्या मनात बसवलेली भीती. बायांच्या वाट्याला तर यातलं सगळं आलंच, वर लग्नानंतर गाण्यालाही परवानगी लागायची.

अशा माणसाला साठीत थोडी उसंत मिळते. पोरगा पुण्याला नोकरीला लागलेला असतो. सोयाबीन निघालेलं असतं आणि तूर अजून उभी असते. दिवाळीनंतरच्या या दिवसांत संध्याकाळ हाताशी राहते. आता मला काहीतरी वाजवायचं आहे, असं तो म्हणाला तर त्याला हौस म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं आहे. राहून गेलेल्या गोष्टीवर त्याचा हक्क आहे.

गिटारच का, असाही प्रश्न येतो. या मुलखात वाद्यांना तोटा नाही. औशाच्या नाथ संस्थानची चक्रीभजनाची परंपरा आहे. मन्मथ स्वामींचे अभंग लिंगायत घरांत भजनाला म्हटले जातात. माळेगावच्या यात्रेत खंडोबाचे वाघ्ये तुणतुणं आणि दिमडी घेऊन येतात. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात रागी जथे पेटी-तबल्यावर शबद गातात. इतकं असताना परकं लाकूड कशाला? त्याचं उत्तर पेटीकडून घेतलेलं बरं.

पेटीनं आधीच चाललेली वाट

जी पेटी नसेल तर आज भजन अडतं, ती मूळची इथली नाही. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबाँ यानं १८४२ मध्ये घेतलं. ते वाद्य पायांनी भाता मारून, खुर्चीवर बसून वाजवायचं होतं. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास त्याचं रूप बदललं. भाता मागं आला, एका हातानं हवा आणि दुसऱ्या हातानं सूर असा बेत जमला आणि वाद्य जमिनीवर, बैठकीत आलं. मराठी संगीत नाटकानं पेटी उचलून धरली आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला मान मिळवून दिला. तरीही जाणकारांचा आक्षेप होताच. पेटीचे सूर ठोकळेबाज आहेत, तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, असं म्हणत आकाशवाणीनं मार्च १९४० पासून तिला बंदी केली, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. त्या तीस वर्षांत गावोगावच्या देवळांतली पेटी काही थांबली नाही. वाद्य परकं की आपलं, याचा निकाल ते रोज संध्याकाळी कुणाच्या उपयोगी पडतं त्यावर लागला.

गिटारही या देशात नवी राहिलेली नाही. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांच्या संतूरसोबत आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीसोबत ब्रिजभूषण काब्रांची गिटार आहे, आणि ती राग वाजवते. विश्वमोहन भट्टांनी गिटारीला जादा तारा जोडून मोहनवीणा केली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळवला. जळकोटसारख्या गावात ती बहुधा वेगळ्या वाटेनं येते. कॉलेजला गेलेल्या मुलानं हौसेनं घेतलेली असते आणि नोकरी लागल्यावर ती गावाकडच्या घरात येऊन पडते. त्या घरातल्या वडिलांनी किंवा आईनं ती खाली काढली, तर पुढं काय होतं ते नीट सांगायला हवं.

बोटं काय म्हणतात

पहिला महिना दुखण्याचा असतो. शेतात राबलेल्या हाताला घट्टे असतात ते तळव्यावर, बोटांच्या मुळाशी. गिटारीची तार दाबायची ती डाव्या हाताच्या बोटांच्या शेंड्यांनी, आणि ती जागा नांगर धरणाऱ्याचीही मऊच असते. रोज थोडं थोडं वाजवत राहिलं तर काही आठवड्यांत तिथली कातडी टणक होते आणि दुखणं सरतं. पण दोन तास वाजवून चार दिवस बोटं धरून बसलं तर ती टणक होतच नाहीत. म्हणून मोठ्या वयात सुरुवात करणाऱ्यानं सकाळी पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं बसावं. सांधे दुखत असतील तर पोलादी तारांची गिटार सोडून नायलॉन तारांची घ्यावी, कारण तिच्यावर जोर कमी लागतो. तारा पडद्यांपासून फार उंच असतील तर दुकानातून खाली करून घ्याव्यात. नवशिक्यांचा बराचसा त्रास हाताचा नसतो, नीट न लावलेल्या वाद्याचा असतो.

इथल्या हवेचंही पाहावं लागतं. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठक्क होते. लाकूड आकसतं, पडद्यांची टोकं बाहेर येतात, पोटाला चीरही जाते. पत्र्याखालच्या माळ्यावर गिटार ठेवू नये. ती पिशवीत, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत असावी.

मग स्वरसंघ, म्हणजे कॉर्ड. ई-मायनरला दोन बोटं पुरतात, म्हणून बरेच शिक्षक तिथून सुरुवात करतात. जी, सी आणि डी हे तीन आले की बरीचशी गाणी हाताशी येतात. खरी अडचण एकातून दुसऱ्यात जाण्याची असते. बोटं थबकतात आणि लय तुटते. इथं मोठ्या माणसाला लहान मुलापेक्षा जास्त वेळ लागतो आणि हे लपवण्यात अर्थ नाही. पुढं एफ येतो, त्यात तर्जनी तारांवर आडवी दाबून धरायची असते. कितीतरी जण इथं गिटार भिंतीला टेकवून ठेवतात ती कायमची. साठीत शिकणाऱ्यानं एफसाठी अडून बसू नये. त्याच्यावाचून पुष्कळ वाजवता येतं, आणि हात तयार झाला की तोही येतो.

शास्त्र या बाबतीत दोन्ही बाजू सांगतं. थॉमस एल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तंतुवादकांच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध केला. डाव्या हाताच्या बोटांसाठी मेंदूत राखलेली जागा वादकांमध्ये मोठी असते, आणि ज्यांनी लहानपणी सुरुवात केली त्यांच्यात ती जास्त मोठी असते, असं त्यांना आढळलं. लवकर सुरुवातीचा फायदा खराच आहे. पण जेनिफर ब्यूगोस आणि सहकाऱ्यांचा २००७ चा अभ्यास ६० ते ८५ वयाच्या माणसांवरचा आहे. त्यांना सहा महिने पियानो शिकवला गेला. ज्यांना शिकवलं नव्हतं त्यांच्याशी तुलना केली तेव्हा लक्ष आणि स्मरणाच्या काही चाचण्यांत शिकणाऱ्यांची प्रगती दिसली. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ गॅरी मार्कस यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर गिटार हातात घेतली आणि त्या अनुभवावर २०१२ मध्ये पुस्तक लिहिलं. दार बंद होतं ते मैफलीच्या वादकाचं. वाजवणाऱ्या माणसासाठी ते उघडंच राहतं.

काळी एक, पहिला पडदा

आता गिटार आणि भजन एका सतरंजीवर आणायचं म्हणजे काय करायचं? ज्यानं आयुष्यभर टाळ धरला आहे, त्याला यातलं निम्मं आधीच येतं. धुमाळी, केरवा, दादरा त्याच्या अंगात आहेत. शहरातल्या शिकाऊ मुलाला उजव्या हाताची लय बसवायला महिने लागतात. टाळकऱ्याचा उजवा हात चाळीस वर्षं तालात चालत आलेला असतो.

पेटी ओळखणाऱ्याला डावा हातही अवघड नाही. पेटीची एक पट्टी म्हणजे गिटारीचा एक पडदा. बारा पट्ट्यांचं सप्तक, तसंच बारा पडद्यांचं. भजनात गाणारा सांगतो, "काळी एक धरा." गिटारवाल्यानं कॅपो, म्हणजे तारांवर बसवायचा चिमटा, पहिल्या पडद्यावर लावायचा आणि सीचा आकार धरायचा की काळी एक आली. कॅपो तिथंच ठेवून डीचा आकार धरला तर काळी दोन, जीचा धरला तर काळी चार, एचा धरला तर काळी पाच. राहिली काळी तीन. तिच्यासाठी कॅपो दुसऱ्या पडद्यावर सरकवून ईचा आकार घ्यायचा. बायांच्या भजनी मंडळाची पट्टी आणि बाप्यांची पट्टी वेगळी असते, पण एका चिमट्यानं दोन्हीकडं भागतं.

प्रत्येक चालीला कॉर्ड शोभतात असं नाही. भैरवीतल्या चालीला किंवा आलापीला उगाच जी-सी-डी लावले तर गाणाऱ्याचा सूर झाकला जातो. तिथं दुसरा उपाय आहे. गिटारीची सगळ्यात जाड, सहावी तार ई वरून डी वर उतरवायची. आता पाचवी तार पंचम, चौथी तार षड्ज आणि सहावी तार खर्ज झाली. पाचवी, चौथी, चौथी, सहावी अशा क्रमानं मोकळ्या तारा छेडल्या की पांढरी दोनमध्ये तंबोऱ्याचा प-सा-सा-सा उभा राहतो. डाव्या हाताला काहीच काम नसतं. बोटं दुखत असली तरी त्या संध्याकाळी माणूस बैठकीत साथीला बसू शकतो.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या मिरजेहून एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच मिरजेत देशातले नावाजलेले तंबोरे घडतात आणि २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तो तंबोरा गावच्या मंडळाला मिळाला तर आनंदच आहे, पण त्याची किंमत आणि निगा सगळ्यांना झेपत नाही. घरात पडलेली गिटार तोवर त्याचं काम नेकीनं करू शकते, आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी उपयोगी पडण्याचं सुख देते. सप्ताहातला विणेकरी असाच तयार होतो. आधी मोकळी तार, मग लय, मग बाकी सगळं.

सोबत

मोठ्या वयात वाद्य सुटतं कशामुळं? बोटांमुळं सुटतं असं वाटतं, पण खरं तर ते एकटेपणामुळं सुटतं. मोबाइलवर शिकवणारे पुष्कळ आहेत आणि चांगलेही आहेत. पण मोबाइल तुमची वाट पाहत नाही. चार दिवस बसला नाहीत तर कुणी दारात येऊन विचारत नाही. भजनी मंडळात मात्र एकादशीला गैरहजर राहिलं की दुसऱ्या दिवशी दुकानापाशी विचारणा होते, "आबा, काल दिसला नाहीत?" एवढ्या विचारण्यावर माणूस वर्षानुवर्षं टिकतो.

मंडळाची शिकवण्याची रीतही मोठ्या माणसाला सोयीची आहे. नवा माणूस मागं बसतो, टाळ धरतो आणि ऐकतो. चुकला तरी वीस टाळांच्या आवाजात त्याची चूक मोठी होत नाही. सहा महिन्यांनी तो एक कडवं उचलतो. कुणी पेटीजवळ सरकतो, कुणी पखवाजाला कणीक लावायला मदत करता करता बोल शिकतो. परीक्षा नाही, पण जबाबदारी आहे. लोकांसमोर वाजवण्याची भीती वेगळी घालवावी लागत नाही, कारण पहिल्या दिवसापासून तो लोकांमध्येच बसलेला असतो.

हे शहाणपण जगात इतरत्रही सापडतं. प्लेटोच्या 'युथिडेमस' या संवादात म्हातारा सॉक्रेटिस कॉन्नस नावाच्या वादकाकडं तंतुवाद्य शिकायला जातो. वर्गातली पोरं त्याला हसतात आणि मास्तराला म्हाताऱ्यांचा मास्तर म्हणून चिडवतात. सॉक्रेटिस शिकणं सोडत नाही. तो आणखी काही म्हाताऱ्यांचं मन वळवून त्यांनाही आपल्यासोबत वर्गात आणतो. अमेरिकेत रॉय अर्न्स्ट या संगीतशिक्षकानं १९९१ मध्ये रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीतविद्यालयात ज्येष्ठांसाठी वाद्यवृंद सुरू केला. ज्यांनी कधी वाद्य धरलं नव्हतं अशांनाही त्यात जागा होती, आणि पुढं तशी अनेक मंडळं उभी राहिली. आपल्या महाराष्ट्रात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी घेऊन अक्षरं गिरवायला बसल्या. एकटी आजी कदाचित लाजली असती. सगळ्या मिळून गेल्या म्हणून ती गावाची शाळा झाली.

उरतो प्रश्न शिकवणाऱ्याचा. जळकोटात गिटार येणारा असेल तर तो विशीतला, कॉलेजातून सुट्टीला आलेला मुलगा किंवा मुलगी असेल. साठीच्या माणसानं नातवाच्या वयाच्या पोराकडून शिकायचं, हे काहींना जड जातं. पण आपल्याकडं त्याचीही सोय आहे. वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात, त्यात वय पाहत नाहीत. सत्तरीचा बुवा विशीतल्या टाळकऱ्यापुढं वाकतो आणि त्यात कुणालाच कमीपणा वाटत नाही. हरिप्रसाद चौरसियांचं उदाहरण तर डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. बासरीवादक म्हणून नाव झालेलं असताना ते मुंबईत अन्नपूर्णादेवींकडं शिकायला गेले आणि उजवीकडं धरायची सवय असलेली बासरी डावीकडं घेऊन पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. येत असलेलं बाजूला ठेवून पुन्हा शिकाऊ होणं त्यांना कमीपणाचं वाटलं नाही.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे. लेकरांच्या अभ्यासासाठी हा जिल्हा जे करतो, त्यातला थोडा वाटा त्यांच्या आईबापांनाही मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी इमारत, अनुदान, अभ्यासक्रम यांतलं काहीही लागत नाही. देवळाचा सभामंडप आहे, गावचं वाचनालय आहे, शाळेची खोली संध्याकाळी मोकळी असते. बायांचे बचत गट महिन्याला जमतातच, त्याच बैठकीला एक तास जोडता येईल. दोन गिटारी, एक पेटी आणि चार-पाच माणसं आठवड्यातून एक संध्याकाळ धरून बसली तर पुढच्या सप्ताहापर्यंत त्यांतलं कुणीतरी हरिपाठाला साथ करू शकेल. दिवाळीला गावी आलेल्या मुलांनी परत जाताना एक काम करावं. माळ्यावरची गिटार खाली काढून सुरात लावावी, आईला किंवा बाबांना पाचवी, चौथी, चौथी, सहावी हा क्रम दाखवावा, आणि शेजारच्या मामांना, मावशींनाही सोबत बसवावं. पुढचं ती माणसं करतील. दुष्काळातून घर उभं केलेल्या हातांना एफचा कॉर्ड फार काळ अडवू शकणार नाही.